६ एमएमच्या वॉरगेमसाठी आपल्या रानातली झाडं कशी करायची

वॉरगेम म्हणजे टेबलावर बारके सैनिक मांडून खेळायची लढाई, आणि तिच्यासाठी झाडं लागतातच. सगळ्यात आधी हे ठरवा की तुमची लढाई कुठल्या मुलखातली आहे आणि कुठल्या महिन्यातली, तार, फोम, फेविकॉल हे सगळं त्याच्यानंतर. कारण नेटवर झाडं करायचे जेवढे व्हिडिओ सापडतात ते बहुतेक सगळे युरोपातल्या रानाचे, त्यात पाईन, ओक, बर्च, आणि तेच बघून आपली पोरं आसईच्या लढाईच्या टेबलावर ख्रिसमसची झाडं उभी करायलेत. जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई नदीच्या मधात पाईन? बघवत नाही राव.

टेबलावर मांडण्यासारख्या लढायांची मराठवाड्यात कमी नाही. पालखेड घ्या, वैजापूर तालुक्यातलं, फेब्रुवारी १७२८, बाजीराव आणि निजाम. उदगीर १७६० च्या सुरुवातीचं, सदाशिवरावभाऊंचं. राक्षसभुवन गोदाकाठचं, १० ऑगस्ट १७६३, थोरले माधवराव. आणि आसई २३ सप्टेंबर १८०३, एका बाजूला इंग्रजांचा वेलस्ली आणि दुसऱ्या बाजूला शिंदे-भोसले. आता फक्त महिने बघा. पहिल्या दोन्ही लढाया थंडी सरता सरता झालेल्या, म्हणजे गवत वाळलेलं, सागाची पानं गळायला लागलेली, आणि पालखेडच्या टायमाला पळस लालभडक. नंतरच्या दोन्ही पावसाळ्यातल्या, सगळं हिरवंगार, बाभळीला पिवळी फुलं, नदीला पाणी. त्यामुळं एकच सेट सगळीकडं चालवायचा म्हटलं तर काहीतरी चुकल्यासारखं दिसतंच. माझा हिशोब असा असतो की चिंच, आंबा, वड ही बारमाही हिरवी झाडं कॉमन ठेवायची, ती कुठंही चालतात, आणि मग थोडी पावसाळी बाभळी आणि थोडे उन्हाळी पळस, साग असे दोन छोटे वेगळे डबे करायचे.

तेव्हा इथं नव्हतीच अशी झाडं पण टाळा. रस्त्याकडंला, पडीक रानात जिकडं तिकडं दिसते ती वेडी बाभूळ भारतात आली १८७० च्या दशकात, तीही दक्षिण अमेरिकेकडची. गुलमोहोर मूळ मादागास्करचा, तोही इंग्रजांच्या काळात पसरलेला. निलगिरी आणि सुबाभळीची लागवड तर आपल्याकडं अगदी अलीकडची. वेलस्लीच्या मागं गुलमोहोर फुललेला दाखवला तर बघणाऱ्याला कळणार नाही कदाचित, पण तुम्हाला तर कळतंय ना. आजच्या काळातली काल्पनिक लढाई खेळत असाल तर मात्र वेडी बाभूळ लावाच, तिच्याशिवाय आपला माळ माळ वाटत नाही.

उंचीचा हिशोब

६ एमएम म्हणजे माणूस साधारण ६ मिलिमीटरचा, स्केल १:३०० नाहीतर १:२८५. हिशोब सोपा आहे, झाडाची खरी उंची मीटरमध्ये घ्या, तिला हजारानं गुणा आणि ३०० नं भागा. १५ मीटरचा लिंब (लिंब म्हणजे कडुलिंबच, आपल्याकडं दुसरं कोण म्हणतंय) ५० मिलिमीटरचा होतो. ८ मीटरची बाभूळ होते २७ ची. हेच १:१०० मध्ये, म्हणजे १५ एमएमच्या गेममध्ये केलं तर तो लिंब १५ सेंटिमीटरचा होतो आणि टेबलावर हात फिरवायला जागा उरत नाही, म्हणून मोठ्या स्केलला सगळेच जण झाडं खुजी करतात.

६ एमएमला पण मी पूर्ण उंची घेत नाही, पाऊण घेतो. कारण गेममधलं अंतराचं स्केल आणि माणसाचं स्केल वेगळं असतं. समजा टेबलावरचा १ मिलिमीटर म्हणजे रानातले २ मीटर धरले, तर ५० मिलिमीटर रुंदीचा तुमचा एक लिंब जमिनीवरची १०० मीटर जागा खाऊन बसला. म्हणजे ते एक झाड नाहीच, ती एक राई आहे. हे एकदा डोक्यात बसलं की झाडं मोजायची भानगड मिटते, तीन झाडं म्हणजे आमराई, एक मोठा वड म्हणजे गाव. फक्त एवढं बघायचं की घोड्यावरचा स्वार झाडापेक्षा उंच वाटायला नको, झाड स्वाराच्या किमान अडीच-तीन पट पाहिजे. साधारण मापं अशी: लिंब आणि चिंच ३५ ते ४०, बाभूळ आणि पळस २० ते २५, शिंदी ३०, वड ४५ उंच आणि ६०-७० पसरट.

तारेचं झाड

हे जमलं की सगळं जमलं, म्हणून इथं घाई करू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात घराच्या फिटिंगची मल्टिस्ट्रँड वायर मिळते, त्यातली १ स्क्वेअर एमएमची घ्या. तिच्या आत ०.३ मिलिमीटरच्या १४ तांब्याच्या तारा असतात. दीड स्क्वेअर एमएमला २२ आणि अडीचला ३६ तारा. विकत घ्यायची पण गरज नाही, कुठं फिटिंग चालू असेल तर वायरमनकडं तुकडे मागा, पोतंभर देतो. आणि वरचं प्लास्टिक जाळून काढायचा शॉर्टकट मारू नका, पीव्हीसीचा धूर लई वाईट असतो, कटरनं उभी चीर पाडा, निघून येतं.

लिंबासाठी १ स्क्वेअर एमएमचा ६ सेंटिमीटर तुकडा सोला. खालचा १ सेंटिमीटर तसाच मोकळा सोडा, ती मुळं. त्याच्या वरचा दीड सेंटिमीटर पक्कडनं धरून घट्ट पिळा, हे खोड. पिळलेलं खोड साधारण दीड मिलिमीटर जाड होतं, म्हणजे १:३०० ला जवळपास अर्ध्या मीटरचं, बांधावरच्या वयात आलेल्या लिंबाला बरोबर बसतं. आता वरच्या १४ तारांचे तीन भाग करा, ५, ५ आणि ४. प्रत्येक भाग ५-६ मिलिमीटर पिळा, मग त्याचे परत दोन भाग, ते ४ मिलिमीटर पिळा, आणि शेवटी एकेक तार सुटी राहू द्या. सगळ्या फांद्या एकाच उंचीवरून फोडू नका नाहीतर झाडाचा खराटा होतो, एक भाग खाली फोडा, दुसरा थोडा वर. मग वरून बघा, टेबलावर झाड कायम वरूनच दिसतं, आणि वरून बघितल्यावर फांद्या चारी बाजूला गेलेल्या दिसल्या पाहिजेत. नवीन माणूस झाड हातात धरून समोरून बघतो आणि पंख्याच्या पात्यासारखं चपटं करून ठेवतो.

बाभळीला १४ तारांचे दोन भाग करून सात-सातची दोन झाडं होतात. बाभळीचं खोड सरळ ठेवायचं नाही, थोडं वाकवायचं, आणि खालूनच फांदी फोडायची. वडाला अडीच स्क्वेअरचे दोन तुकडे एकत्र पिळा, ७२ तारा मिळतात, फांद्या आडव्या पसरवा, वर जाऊच देऊ नका.

खोडावर पिळाची चकाकी दिसते ती घालवायला फेविकॉलमध्ये बारीक चाळलेली माती नाहीतर टाईल्सच्या फटीत भरायचं पांढरं ग्राउट कालवून ब्रशनं दोन हात द्या. पहिला हात वाळू द्या मग दुसरा. रंग देताना चॉकलेटी देऊ नका, हे शाळेच्या चित्रकलेनं लावलेलं वळण आहे. बांधावर जाऊन बघा, बाभळीचं खोड जवळपास काळं असतं, लिंबाचं करडं, चिंचेचं काळपट, सागाचं फिकट करडं. काळ्यात थोडा पांढरा आणि चिमूटभर तपकिरी, हा खालचा रंग, आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशनं फिकट करडा हलकेच फिरवायचा.

पाला

विकतचं फोलिएज ऑनलाइन मिळतं, पण घरी केलेलं स्वस्त पडतं आणि रंग आपल्या मनासारखा येतो. गादी-सोफा दुरुस्तीवाल्याकडं फोमची कात्रणं फुकट मिळतात. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, मिक्सरच्या भांड्यात अर्धं पाणी आणि फोम टाकून थांबत थांबत फिरवा. कोरडा फिरवला तर फोम भांड्याला चिकटून वर बसतो, खाली पातं नुसतंच फिरतं आणि मोटर तापते, पाण्यात नीट बारीक होतो. भांडं मात्र जुनं आणि फक्त ह्याच कामाचं पाहिजे, घरातलं चटणीचं भांडं वापरलं तर पुढं जे होईल ते तुमचं तुम्ही बघा.

बारीक झाला की जुन्या बनियनमध्ये टाकून पिळून घ्या. एका डब्यात एक भाग ॲक्रिलिक रंग, दोन भाग पाणी आणि थोडंसं फेविकॉल, हातमोजे घालून फोम त्यात मळा, परत पिळा, पेपरवर पसरून वाळवा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दोन-तीन तासात खडखडीत होतो, पावसाळ्यात दोन दिवस धरून चाला. वाळला की हातानं चोळून सुटा करा आणि दोन चाळण्यांतून काढा, वर राहील तो जाड, खाली पडेल तो बारीक, दोन्ही लागतात.

हिरवा रंग डबीतून काढून तसाच वापरू नका. डबीतला हिरवा प्लास्टिकच्या खेळण्याचा असतो. सॅप ग्रीनमध्ये येलो ऑकर टाका, तो लिंबाचा, आंब्या-चिंचेला त्यातच चिमूटभर काळा, आणि बाभळीला थोडा करडा. तिन्ही शेड तुम्हाला बरोबर वाटतील त्यापेक्षा एक पायरी फिक्या ठेवा, कारण एवढ्याशा वस्तूवर, घरातल्या ट्यूबच्या उजेडात, रंग आहे त्यापेक्षा काळा दिसतो. हळद टाकून पिवळेपणा आणायची आयडिया कुणी सांगितली तर ऐकू नका, हळद उन्हात उडून जाते.

लावताना फांद्यांच्या टोकांना घट्ट फेविकॉल ब्रशनं लावा, जाड फोममध्ये दाबा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला हेअर स्प्रे मारून बारीक फिकट फोम भुरभुरवा, उजेड पडल्यासारखं दिसतं. शेवटी एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बाटलीतून फवारा मारा. तो साबणाचा थेंब विसरू नका, त्याच्याशिवाय पाणी फोमवर थेंब थेंब होऊन बसतं, आत मुरतच नाही. आणि फांद्यांच्या मधात फटी राहू द्या. सगळं भरून टाकलं की झाडाचा गोळा होतो. चिंचेला आणि आंब्याला दाट चालतं, बाभळीला अजिबात नाही, तिच्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे.

रानातलं फुकटचं सामान

तारेचा कंटाळा आला तर शेताकडं चला. मळणी झाल्यावर उरलेलं ज्वारीचं रिकामं कणीस माझ्या मते ६ एमएमसाठी विकतच्या कुठल्याही सांगाड्याला हरवतं. पूर्ण कणीस नाही, त्याची एकेक बारकी फांदी तोडायची, तिला स्वतःच्या उपफांद्या असतात आणि टोकाला दाण्याची रिकामी टरफलं राहिलेली असतात, त्यावर फोम मस्त धरतो. अशा तीन-चार फांद्या पातळ फेविकॉलमध्ये बुडवा, दोऱ्याला उलट्या टांगून वाळवा, मग एकत्र बांधा, झालं मध्यम झाड. तुटतात मात्र पटकन, त्यामुळं टेबलाच्या मधात ठेवायची, कडेला नाही जिथं सगळ्यांच्या बाह्या लागतात.

बियाला आलेला शेपू नाहीतर ओवा दिसला तर सोडू नका. त्याची छत्री वाळवली की हिवराचं झाड तयार, हिवर वरून असाच चपटा पसरतो. वाळवताना उलटं टांगा, वाळलं की आधी हेअर स्प्रे, मग फोम. कपाशीच्या पऱ्हाटीची शेंड्याकडची बारीक टोकं १५ एमएमच्या झाडाला खोड म्हणून भारी, ६ एमएमला जाड पडतात. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या झुडपं म्हणून चालतात, आईला विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र हातात पण घेऊ नका, गाजर गवत. वाळल्यावर त्याच्या फांद्या इतक्या बारीक आणि देखण्या दिसतात की मोह होतो, पण त्यानं अंगाला खाज, पुरळ, श्वासाचा त्रास होतो, आणि तुम्ही ते घरात आणून कात्रीनं कापणार, त्याची पूड उडणार. नकोच.

रानातून आणलेलं काहीही आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवायचं, किडे आणि अंडी मरतात. आणि पूर्ण फेविकॉल पाजल्याशिवाय डब्यात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर जुलैच्या दमट हवेत बुरशी धरते.

काही झाडांची खास भानगड

पळसाला हिरवं लावायचंच नाही. वाकडं खोड, उघड्या फांद्या, आणि टोकांना नारिंगीत थोडा लाल मिसळलेला बारीक फोम, तोही तुटक तुटक. टेबलावर असे दोन-तीन पुरे, जास्त झाले की मिरवणूक वाटते. पण फेब्रुवारी-मार्चची लढाई असेल तर ते दोन-तीन पळसच सगळ्या टेबलाला महिना देऊन जातात.

वडाच्या पारंब्यांना सुतळी उसवा, एकेक धागा फेविकॉलमधून ओढून ताठ वाळवा, आडव्या फांदीपासून बेसपर्यंत, म्हणजे झाडाखालच्या चकतीपर्यंत, चिकटवा. शिंदी पण सुतळीचीच, नाल्याच्या काठाला दोन-तीन एकत्र शोभतात. तारेच्या टोकाला दीड सेंटिमीटर सुतळीचा तुकडा मधोमध बांधायचा, धागे सगळीकडं मोकळे करायचे, फेविकॉल लावून गोलसर कापायचे, करडा हिरवा रंग. नारळासारखे झोके देऊ नका, शिंदीचा शेंडा दाट आणि गोल असतो.

कुपाटी हा प्रकार इंग्रजी व्हिडिओत तुम्हाला सापडणार नाही, तिथं हिरवी कापलेली हेज असते. आपली कुपाटी म्हणजे बोरी-बाभळीच्या वाळक्या काटेरी फांद्या. जुन्या पायपुसण्याचा काथ्या कापून ३ मिलिमीटर उंचीची ओबडधोबड पट्टी चिकटवा, करडा-तपकिरी रंग, बस. हिरवी पाहिजेच असेल, म्हणजे शेराची किंवा निवडुंगाची, तर भांडी घासायचा हिरवा स्क्रबर पट्ट्या कापून कडा बोटांनी फाडा. गावाभोवती आणि मळ्याला अशी कुपाटी टाकली की गेममध्ये पण मजा येते, पायदळाला आडोसा मिळतो, घोडदळाला अडथळा.

बेस

हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर घ्या. एम६ चा वॉशर बाहेरून १२ मिलिमीटर असतो, एम८ चा १६, एम१० चा २०. बाभळीला १२ चा चालतो, लिंबाला १६, वडाला २० चा पण हलका पडतो, त्याला मोठा घ्या. भोकात एम-सील भरायचं, तारेची मोकळी मुळं त्यात दाबून चारी बाजूला पसरवायची, दोन तासात दगड होतं. ग्लू गन वापरू नका असं मी स्पष्ट सांगतो. थंड देशात चालत असेल, आपल्याकडं मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत डबा राहिला की तो गोंद मऊ पडतो आणि झाडं आडवी होतात.

वर काळी माती दाखवायची तर खरी काळी माती कालवून थापू नका, वाळली की तिला शेतातल्यासारख्याच भेगा पडतात आणि पोपडा निघतो. माती चाळून तव्यावर भाजून घ्या, बेसला फेविकॉल लावून वरून भुरभुरा, जास्तीची झटका. वापरलेली चहापत्ती धुऊन वाळवून खोडाजवळ टाकली तर पाचोळा होतो.

आता राई कशी करायची. झाडं एका मोठ्या बेसवर कायमची चिकटवली की दिसतं छान, पण सैन्य आत गेलं की ठेवायचं कुठं? ६ एमएमचे बरेच जण सैनिक चिकटवायला ६० बाय ३० मिलिमीटरचे बेस वापरतात, ते झाडांच्या मधात बसत नाहीत. म्हणून जुन्या सीडी वापरा, १२ सेंटिमीटर गोल असतात, पॉलिश पेपरनं घासा म्हणजे गोंद धरतो, त्यावर माती आणि गवत करा, झाडं मात्र वॉशरवर सुटी. सैन्य आलं की झाडं बाजूला सरकवा, सीडीची कड म्हणजे राईची हद्द, भांडण नाही. कडा फाईलनं उतरत्या करा.

विकत घ्यायची असतील तर

वेळ नसेल तर घ्या की, त्यात कमीपणा काही नाही. आर्किटेक्टच्या मॉडेलसाठी प्लास्टिकची झाडं पाकिटात मिळतात, आणि रेल्वे मॉडेलच्या एन स्केलची, म्हणजे १:१६० ची पण. एन स्केलमधलं लहान झाड ६ एमएमला मोठं म्हणून चालून जातं. घेताना फोटोवर जाऊ नका, सेंटिमीटर वाचा, आणि ती उंची खालच्या खुंटीसकट आहे का बघा, कारण खुंटी जमिनीत जाते. ३ ते ५ सेंटिमीटरचं मिक्स पाकीट बरं पडतं. बाटली घासायच्या ब्रशसारखी निमुळती झाडं अजिबात नकोत.

घरी आली की हातावर आपटा, पाला झडला तर आधी पातळ फेविकॉलचा फवारा. ह्या झाडांचा हिरवा फार भडक असतो, त्यावर पाण्यात पातळ केलेला तपकिरी-काळा रंग शिंपडा, वाळल्यावर वरच्या अंगाला आपला घरचा फिका फोम थोडासा. खोड चकचकीत तपकिरी असतं ते करडं करा. एवढं केलं तरी ती अर्धी इथली वाटायला लागतात. स्प्रे पेंट मारणार असाल तर झाडं थर्माकोलवर खोचून मारू नका, स्प्रेनं थर्माकोल विरघळतो, पुठ्ठ्यावर खोचा.

ठेवायला मिठाईचा लोखंडी डबा घ्या आणि तळाला फ्रिजवर लावतात तसली मॅग्नेट शीट चिकटवा, वॉशर धरून राहतात, परभणीहून नांदेडला बसनं नेलं तरी झाडं उभीच. किड्यांसाठी डब्यात लिंबाचा वाळलेला पाला टाका. डांबराच्या गोळ्या टाकू नका, विशेषतः त्याच डब्यात प्लास्टिकचे सैनिक असतील तर, त्या गोळ्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि रंगवलेली अख्खी पलटण चिकट होऊन बसते.